लोहाची गोळी आणि आपले आतडे

गरोदर स्त्रीचे नाव आरोग्यकेंद्रात नोंदवले गेले, की काही आठवड्यांनी तिच्या हाती लाल रंगाच्या गोळ्यांची पाकिटे येतात. गाव महाराष्ट्रातले असो, मध्य प्रदेशातले असो किंवा आसामातले असो, शासनाकडून मिळणारी ही गोळी एकच असते. तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. गोळी विनामूल्य मिळते, गिळायला सोपी असते आणि तिचा उपयोगही मोठा असतो. तरीही अनेक घरांत पहिल्या चार-सहा गोळ्या संपतात आणि उरलेली पाकिटे फळीवर तशीच पडून राहतात.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून ही वस्तुस्थिती स्पष्ट होते. या सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, असल्याचे आढळले. गरोदर स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. मात्र गरोदरपणी या गोळ्या १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ घेणाऱ्या मातांचे प्रमाण केवळ २६ टक्के होते. याचा अर्थ असा, की चार मातांपैकी जेमतेम एकीनेच औषधाचा क्रम पूर्ण केला.

गोळ्या अर्धवट सोडण्याची कारणे अनेक आहेत. कधी गोळ्यांचा पुरवठा होत नाही, तर कधी त्यांचा विसर पडतो. परंतु एक कारण सर्वत्र ऐकू येते : ‘गोळी घेतली की पोट बिघडते.’ कोणाला मळमळते, कोणाला पोटात जळजळ होते, कोणाला शौचाला साफ होत नाही, तर काळे शौच पाहून कोणी घाबरून जाते. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना मनाचा खेळ म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. त्याचप्रमाणे त्यांच्या भीतीने औषधच सोडून देणेही योग्य नाही. या तक्रारी का उद्भवतात हे समजले, तर त्यांवर उपायही सापडतो. त्यासाठी लोह पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

लोहाचे शरीरातील कार्य

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. एखाद्या लहानशा खिळ्याच्या वजनाइतकेच हे प्रमाण आहे. पण त्यावाचून जगणे अशक्य आहे. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. तांबड्या रक्तपेशींना लाल रंग देणारे हिमोग्लोबिन फुप्फुसांतील प्राणवायू उचलते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवते. लोह कमी पडले, की हिमोग्लोबिन कमी तयार होते. मग थोडे चालले तरी धाप लागते, कामात उत्साह वाटत नाही, चेहरा फिकट दिसतो. सर्वसाधारणपणे प्रौढ पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅमपेक्षा, स्त्रीच्या रक्तात १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीच्या रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय आहे असे मानतात.

लोहाच्या बाबतीत आपले शरीर अतिशय काटकसरी आहे. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती नष्ट झाल्यावर तिच्यातील लोह फेकून दिले जात नाही. प्लीहा आणि यकृत यांतील पेशी ते काढून घेतात आणि ते पुन्हा नव्या रक्तपेशी घडवण्यासाठी अस्थिमज्जेकडे जाते. अशा रीतीने दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोहाचा पुनर्वापर होतो. शरीराबाहेर जाते ते जेमतेम १ मिलिग्रॅम. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांच्या शरीरातून यापेक्षा अधिक लोह जाते. गरोदरपणात तर गर्भ, वार आणि वाढलेले रक्त यांसाठी एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम लोह लागते. एवढी भर रोजच्या आहारातून पडणे कठीण असते. म्हणून गोळीची गरज भासते.

आतडे : लोहाचे प्रवेशद्वार

शरीरात जास्त झालेले मीठ किंवा पाणी मूत्रावाटे बाहेर टाकता येते. लोहाचे तसे नाही. जास्तीचे लोह बाहेर टाकण्यासाठी शरीरापाशी कोणतीही खास व्यवस्था नाही आणि साठत गेलेले लोह यकृताला व हृदयाला अपाय करते. म्हणून निसर्गाने राखण ठेवली आहे ती बाहेर जाण्याच्या वाटेवर नव्हे, तर आत येण्याच्या वाटेवर. ही राखण लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, असते.

अन्नातील लोह प्रथम जठरात येते. तेथील आम्लामुळे ते विरघळते. धान्ये, डाळी आणि भाज्या यांतील लोह आतड्याला सहज घेता येईल अशा स्वरूपात नसते. त्याचे रूप बदलावे लागते आणि या कामी जठरातील आम्ल व क जीवनसत्त्व यांची मदत होते. मग आद्यांत्राच्या अस्तरातील पेशी हे लोह आत ओढून घेतात. पण पेशीत शिरले म्हणजे लोह रक्तात पोहोचले, असे मात्र नव्हे. पेशीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक दार असते. फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाचे हे दार उघडे असेल तरच लोह रक्तात जाते.

या दाराची किल्ली यकृताकडे आहे. यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरात लोह भरपूर असेल, तर हेपसिडिन वाढते आणि दारे बंद होतात. लोहाची टंचाई असेल, तर हेपसिडिन घटते आणि दारे उघडतात. दार बंद असल्यामुळे पेशीत अडकून राहिलेले लोह फेरिटिन या प्रथिनात साठवले जाते. आतड्याच्या अस्तरातील पेशी अवघे काही दिवस जगतात. त्या गळून पडल्या, की त्यांच्यातील लोहही त्यांच्याबरोबर शौचावाटे बाहेर जाते. लोहाच्या गोळीचे बरेवाईट परिणाम समजून घेण्यासाठी ही यंत्रणा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गोळी पोटात गेल्यावर

लोहाचे औषध नवीन नाही. आयुर्वेदात पांडुरोगावर लोहभस्म आणि मंडूर यांचा उपयोग सांगितलेला आहे. युरोपात पिएर ब्लो या फ्रेंच वैद्याने १८३२ साली लोहक्षाराच्या गोळ्यांनी रक्तक्षयाचे रुग्ण बरे होत असल्याचे दाखवून दिले. आज वापरल्या जाणाऱ्या फेरस सल्फेटच्या गोळ्या त्याच परंपरेतील आहेत. गोळीत लोहाच्या जोडीला असणाऱ्या फॉलिक आम्लाच्या कथेचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. लुसी विल्स या इंग्रज संशोधिकेने १९२८ नंतरच्या काळात मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्यांचा आजार बरा होतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलेट हे जीवनसत्त्व होय.

२०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक याप्रमाणे ती १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. आता रोजच्या आहाराशी याची तुलना करावी. दिवसभराच्या जेवणातून साधारणपणे १० ते २० मिलिग्रॅम लोह पोटात जाते आणि त्यांपैकी केवळ १ ते २ मिलिग्रॅम रक्तात शोषले जाते. गोळीतून मात्र ६० मिलिग्रॅम लोह एकदम येऊन पडते. शरीरात लोहाची टंचाई असली, तरी त्याचा पाचवा-सहावा हिस्साच आतडे शोषून घेऊ शकते. उरलेले सुमारे ५० मिलिग्रॅम लोह संपूर्ण पचनमार्गातून पुढे सरकत जाते.

पोटाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या शोषल्या न गेलेल्या लोहात आहे. लोहाचे क्षार जठराच्या नाजूक अस्तराला टोचतात. त्यामुळे गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात मळमळ, पोटात दुखणे किंवा छातीत जळजळ सुरू होते. गोळी जितकी मोठी, तितकी ही तक्रार अधिक असते. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर ती विशेष जाणवते. उरलेले लोह मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर काहींना बद्धकोष्ठ होते, तर काहींना जुलाब होतात. फेरस सल्फेटसंबंधीच्या ४३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. लोह घेणाऱ्यांना पोटाच्या तक्रारी निश्चितपणे अधिक होतात, असे त्यात दिसून आले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गरोदरपणात शरीरातील संप्रेरकांमुळे आतड्यांची हालचाल मुळातच मंदावते आणि वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो. त्यामुळे गोळी न घेणाऱ्या गरोदर स्त्रीलाही बद्धकोष्ठाचा त्रास होऊ शकतो. पहिल्या तिमाहीतील मळमळही गोळीशिवायच होत असते. म्हणून प्रत्येक तक्रारीचा दोष एकट्या गोळीच्या माथी मारता येत नाही.

काळ्या रंगाचे भय

लोहाची गोळी सुरू झाली, की शौचाचा रंग गडद हिरवट किंवा काळा होतो. यामागे साधे रसायनशास्त्र आहे. शोषले न गेलेले लोह आतड्यातील गंधकयुक्त पदार्थांशी संयोग पावते आणि काळे संयुग तयार होते. हा रंग अपायकारक नाही. उलट, गोळी खरोखर पोटात गेली, याची ती खूणच म्हणावी लागेल. गोळी बंद झाल्यावर काही दिवसांत रंग पूर्ववत होतो.

मात्र या काळ्या रंगाविषयी मनात शंका असेल, तर गैरसमज पसरायला वेळ लागत नाही. गोळ्या घेतल्याने बाळ सावळे होते, गोळ्या उष्ण पडतात, मूल फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, अशा समजुती देशाच्या अनेक भागांत आढळतात. बाळाच्या कातडीचा रंग आईवडिलांकडून आलेल्या गुणांवर ठरतो. आतड्यातील लोह त्या रंगापर्यंत पोहोचूच शकत नाही. गोळी उष्ण पडते, या समजुतीमागे बहुधा जठरातील जळजळीचा अनुभव असतो. जळजळ खरी असते. तिचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. मूल मोठे होण्याच्या भीतीपेक्षा त्याची उलट बाजूच अधिक विचारात घेण्यासारखी आहे. आईला तीव्र रक्तक्षय असल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा किंवा वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपणातील रक्तस्राव आईच्या जिवावर बेतू शकतो.

एक फरक मात्र ओळखता आला पाहिजे. शौच केवळ काळे असेल, तर काळजीचे कारण नाही. परंतु ते डांबरासारखे चिकट, चकाकणारे आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा पोटात तीव्र वेदना असतील, तर जठरात किंवा आतड्यात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गोळीला दोष देत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

आतड्यातील सूक्ष्मजीव आणि लोह

मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते. त्यांतील बरेच उपयुक्त असतात. ते न पचलेल्या अन्नावर जगतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. काही जिवाणू मात्र संधी मिळताच अपाय करतात. या बहुतेक सर्वांना वाढीसाठी लोह हवे असते. दह्यातील जिवाणू ज्या कुळातील आहेत त्या लॅक्टोबॅसिलस कुळाला मात्र लोहाची गरज जवळजवळ नसते. म्हणून आतड्यात लोह मोकळे पडून राहिले, तर त्याचा फायदा उपयुक्त जिवाणूंपेक्षा उपद्रवी जिवाणूंनाच अधिक होऊ शकतो. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचे, लोह बांधून ठेवणारे प्रथिन असते. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रोगजंतूंना लोह सहजासहजी मिळू नये, अशीच जणू ही योजना आहे.

हा केवळ तर्क नाही. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटे देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्या मुलांच्या आतड्यात उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटले आणि रोगकारक कुळांतील जिवाणू वाढल्याचे आढळले. २०१५ साली केनियातील तान्ह्या बाळांच्या अभ्यासातही असेच दिसले आणि आतड्याला सूज आल्याच्या खुणाही आढळल्या. पुढे २०१७ साली केनियातच असे दिसून आले, की लोहाबरोबर उपयुक्त जिवाणूंना पोसणारी विशिष्ट शर्करा दिल्यास हा दुष्परिणाम बराच कमी होतो.

टांझानियातील पेंबा बेटावरील अनुभव अधिक गंभीर होता. हिवतापाचा जोर असलेल्या या बेटावर हजारो बालकांना लोह आणि फॉलिक आम्ल देण्यात आले. या मुलांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण वाढल्याने प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याच अहवालातील दुसरी नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या मुलांच्या शरीरात खरोखरच लोहाची कमतरता होती आणि ज्यांना रक्तक्षय होता, त्यांना लोहाचा लाभच झाला. म्हणजेच लोह हे सर्वांनी सरसकट घ्यावयाचे टॉनिक नव्हे. गरज असेल तेथे ते औषध आहे. गरज नसेल तेथे ते ओझे ठरू शकते.

हे अभ्यास लहान मुलांवरील आणि संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांतील आहेत. गरोदर किंवा प्रौढ स्त्रीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि त्यांवरून गोळी बंद करावी, असा निष्कर्ष निघत नाही. मात्र शुद्ध पाणी, शौचालयाचा वापर, हिवतापावर वेळीच उपचार आणि जंतनिर्मूलन यांची जोड मिळाल्याशिवाय केवळ गोळीने काम भागत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषत असतील, तर एकीकडून भरलेले लोह दुसरीकडून गळत राहते. म्हणूनच रक्तक्षयाच्या कार्यक्रमात जंताच्या गोळीचाही समावेश केलेला आहे.

मात्रा आणि अंतर

एका गोळीने पोट बिघडते आणि हिमोग्लोबिन मात्र हळूहळू वाढते, हे पाहून काही जण दिवसातून दोन-तीन गोळ्या घेतात. त्यामुळे लवकर गुण येईल असे वाटते. पण आतड्याची राखण येथे आड येते. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लोह घेतल्यावर रक्तातील हेपसिडिन वाढते आणि ते सुमारे २४ तास वाढलेलेच राहते, असे स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. पहिल्या गोळीमुळे दारे अर्धवट मिटलेली असताना दुसरी गोळी आली, तर तिच्यातील लोह शोषले जाण्याचे प्रमाण घटते आणि पोटातील ओझे मात्र वाढते.

याच संशोधकांनी २०१७ साली लोहाची कमतरता असलेल्या ४० तरुण स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोज गोळी घेणाऱ्या गटात सुमारे १६ टक्के लोह शोषले गेले, तर एक दिवसाआड घेणाऱ्या गटात सुमारे २२ टक्के. या स्त्रिया गरोदर नव्हत्या. गरोदरपणात वेळ थोडा आणि गरज मोठी असल्यामुळे आपल्याकडील कार्यक्रमात रोज एक गोळी हाच नियम आहे. परंतु रोजची गोळी मुळीच सोसत नसेल, तर डॉक्टर ती दिवसाआड घेण्यास सांगू शकतात, कमी मात्रेची देऊ शकतात किंवा लोहाचा दुसरा क्षार निवडू शकतात. किशोरवयीन मुलामुलींना निळी गोळी आठवड्यातून एकदाच दिली जाते. ‘गोळी सोसत नाही’ याचे उत्तर गोळी फेकून देणे हे नसून आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना तसे सांगणे हे आहे.

त्रास कमी करण्याचे उपाय

लोह रिकाम्या पोटी सर्वांत चांगले शोषले जाते. पण त्रासही तेव्हाच अधिक होतो. म्हणून ज्यांना मळमळते त्यांनी जेवणानंतर तासाभराने किंवा रात्री झोपण्यापूर्वी गोळी घ्यावी. शोषण थोडे कमी झाले तरी चालेल. कारण रोज पोटात जाणारी गोळी ही फळीवर पडून राहिलेल्या गोळीपेक्षा केव्हाही अधिक उपयोगी असते.

गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे लोह शोषण्यास मदत होते. आवळा आणि पेरू यांचाही असाच उपयोग होतो. याउलट चहा आणि कॉफी यांतील तुरट द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. म्हणून गोळीच्या किंवा जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा टाळावा. दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्तावरील औषध हीदेखील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. गरोदर स्त्रियांना कॅल्शियमच्याही गोळ्या दिल्या जातात. त्या आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर असावे.

बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून दिवसभरात भरपूर पाणी प्यावे. पालेभाज्या, फळे व कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकरी किंवा पोळी आहारात असावी आणि थोडेफार चालणे चालू ठेवावे. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते आणि तेही लोहाला अडवते. त्यामुळे गोळी आणि जेवण यांत थोडे अंतर असणे इष्ट ठरते. धान्ये व कडधान्ये भिजवली, मोड आणली किंवा पीठ आंबवले, तर फायटेटचे प्रमाण घटते. मोडाची उसळ, इडली, आंबोळी हे आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थ या दृष्टीने फार उपयुक्त आहेत. लोखंडी तवा आणि लोखंडी कढई यांच्या वापरानेही अन्नातील लोह वाढते. बाजरी, हळीव, चवळी आणि हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. मांस व मासे यांतील लोह त्याहून सहज शोषले जाते.

सावधगिरी

लोहाचे औषध घरात असेल, तर ते लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. साखरेचे वेष्टन असलेली रंगीत गोळी मुलांना चॉकलेटसारखी वाटते. अनेक गोळ्या एकदम पोटात गेल्यास विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो. तसे घडल्यास उलट्या होण्याची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पातळ औषधाने दातांवर डाग पडू शकतात. त्यामुळे औषध घेतल्यावर चूळ भरावी.

थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके लोहाबरोबर घेतल्यास त्यांचा परिणाम घटतो. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी. थॅलेसीमियासारख्या आजारात शरीरात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह घेणे घातक ठरते. पुरुषांना किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांना लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाला, तर पचनमार्गात कोठे रक्तस्राव होत आहे काय, याचा शोध घेणे आवश्यक असते. केवळ गोळ्या घेत राहिल्यास मूळ रोग झाकला जाण्याचा संभव असतो. गोळी कोणत्याही प्रकारे सोसत नसेल किंवा रक्तक्षय तीव्र असेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्गही उपलब्ध आहे. त्यात लोह आतड्यातून न जाता थेट रक्तात पोहोचते.

उपचार नीट चालू असतील, तर तीन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारणपणे १ ग्रॅमने वाढलेले दिसते. ते पूर्ववत झाल्यावरही गोळ्या आणखी सुमारे तीन महिने घ्याव्या लागतात. रक्तातील तूट भरून निघाली, तरी यकृत आणि अस्थिमज्जा यांतील रिकामे झालेले साठे भरायचे बाकी असतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून याच टप्प्यावर अनेक जण औषध सोडतात आणि पुढच्या बाळंतपणात किंवा पुढच्या आजारात तीच तूट पुन्हा समोर उभी राहते.

लोहाच्या गोळीशी जुळवून घेताना आतडे कुरकुरते, यात नवल नाही. थोडे घेऊन बाकीचे परतवणे हेच त्याचे काम आहे. गोळीची वेळ बदलणे, चहापासून तिला दूर ठेवणे, लिंबाची जोड देणे आणि तक्रार मनात न ठेवता आरोग्यसेविकेला सांगणे एवढ्याने बहुतेक त्रास आटोक्यात येतो. १८० गोळ्यांचा क्रम पूर्ण करण्यासाठी माहिती आणि थोडे धैर्य दोन्ही लागतात. घरातील माणसांनी गोळीच्या रंगाला नावे न ठेवता तिच्या वेळेची आठवण करून दिली, तर हा क्रम पूर्ण करणे स्त्रीला कितीतरी सोपे जाते.